गहू न चालणारे पोट : सिलिॲक आजार कळल्यानंतर घरात काय बदलावे



वर्षावासातल्या एका रविवारी विहारात ग्रंथवाचन संपल्यावर एक आई आमच्याकडे आली. हातात दवाखान्याची जाड फाईल, सोबत मुलगी. मुलगी बारा वर्षांची, पण दिसायला आठ-नऊची. दोन वर्षे तिचे रक्त कमी होते. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताचे औषध झाले, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. पोट फुगायचे, दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौच व्हायचे. कुणी बाहेरची बाधा म्हटले, कुणी अंगारा आणून दिला. शेवटी मोठ्या सरकारी रुग्णालयात तपासणी झाली आणि कागदावर आजाराचे नाव आले : सिलिॲक. डॉक्टर म्हणाले, "गहू आयुष्यभर बंद."

आईचा प्रश्न साधा होता. "रेशनवर गहू मिळतो. घरात सात माणसे, एक खोली, एक तवा. हे मी करू कसे?"

त्या दिवशी आम्हालाही पुरते उत्तर देता आले नाही. पुढच्या वर्षभरात त्या घराबरोबर आम्ही जे शिकलो, ते या पानावर मांडत आहोत. त्यात आमची एक चूकही आहे.

हा आजार म्हणजे काय?

गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की तिला ताण येतो, चपाती पातळ लाटता येते, ती ग्लुटेनमुळेच. ज्वारीच्या पिठात ते नसते, म्हणून भाकरी गरम पाण्यात मळून हाताने थापावी लागते आणि तिच्या कडा चिरतात. सातू म्हणजे जव आणि परदेशात पिकणारे राय या धान्यांतही गव्हासारखीच प्रथिने असतात.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक अंकुर असतात. अन्नातला कस हे अंकुर शोषून घेतात. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. अंकुर झडतात, आतडे आतून सपाट होते. मग कितीही चांगले खाल्ले तरी लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड अंगाला लागत नाही. त्या मुलीच्या लोहाच्या गोळ्या वाया का जात होत्या, याचे उत्तर इथे आहे.

हा आजार संसर्गाचा नाही. उष्ट्याने, स्पर्शाने, एकत्र राहिल्याने तो होत नाही. ठरावीक जनुके जन्मतःच असलेल्या काही लोकांना तो होतो. लहानपणी होतो, तसा चाळिशीतही होतो. उत्तर भारतात, जिथे गहू हेच मुख्य अन्न आहे, तिथे साधारण शंभरात एकाला तो आढळतो. दक्षिणेत, भात खाणाऱ्या भागात, प्रमाण बरेच कमी आहे. गहू वाईट आहे असा मात्र याचा अर्थ नाही. बाकीच्या सर्वांसाठी गहू हे चांगले अन्न आहे. उगाच फॅशन म्हणून कुणी तो सोडू नये.

याचे मूळ गव्हात आहे हे जगाला फार उशिरा कळले. विलेम डिके हे हॉलंडमधले मुलांचे डॉक्टर. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळीकडे मुले खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे काळजीपूर्वक प्रयोग करून १९५० साली आपला प्रबंध मांडला. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासून पाहा, ही कालामांना दिलेली तथागतांची शिकवण आपण वाचतो. दवाखान्यातली तपासणी ही त्याच वाटेची आहे, अंगारा नाही.

कुणाची तपासणी करावी?

महिनोन्‌महिने जुलाब किंवा उलट जुनाट बद्धकोष्ठ, पोट फुगणे, गोळ्या घेऊनही न वाढणारे रक्त, वयाच्या मानाने खुंटलेली उंची, मुलीची पाळी फार उशिरा येणे, तोंडात वारंवार फोड, हाडे दुखणे, वारंवार गर्भपात. अशा वेळी डॉक्टरांना "सिलिॲकची तपासणी करायची का?" असे जरूर विचारावे. अर्थात रक्त कमी असण्याची कारणे अनेक असतात. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलही आढळतो, तीही तपासणी व्हायला हवी. कारण आपण घरी ठरवू नये.

आधी रक्ताची तपासणी होते, तिला टीटीजी-आयजीए म्हणतात. मग बहुतेक वेळा तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासतात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर आतडे सुधारू लागते, अहवाल चांगला येतो आणि आजार असूनही "काही नाही" असा निकाल हाती पडतो.

काय बंद, काय चालू?

या आजारावर आज तरी औषध म्हणजे आहार हेच आहे. पण घाबरू नका. आपल्या आजी-पणजींचे रोजचे जेवण जवळजवळ सगळेच या मुलीला चालते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, सर्व डाळी आणि कडधान्ये, बेसन, शेंगदाणे, गूळ, दूध, अंडी, मटण, मासे, सुकट, भाज्या, फळे. पोहे चालतात, कुरमुरे चालतात, झुणका-भाकर चालते. एकेकाळी ज्या भाकरीला गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडले गेले आणि चपातीचा डबा म्हणजे बरे दिवस आले असे आपण मानू लागलो, तीच भाकरी इथे औषध आहे.

बंद करायचे ते असे : चपाती, पुरी, पाव, ब्रेड, बिस्किटे, टोस्ट, खारी, रवा, मैदा, शेवया, लापशी, पुरणपोळी, जिलेबी, समोसा, नूडल्स. खपली गहू किंवा बन्सी रवा चालतो असे कुणी सांगितले तर ऐकू नका. तेही गहूच आहेत.

खरी फसगत होते ती लपलेल्या गव्हाने. काही ठिकाणे सांगतो :

कुरडई गव्हाची असते. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुधा गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. डबीतल्या हिंगपुडीत बऱ्याचदा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. शंका असेल तर हिंग वगळा, लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. बोंबील किंवा सुरमई रव्यात घोळवून तळतात. त्याऐवजी तांदळाचे पीठ घ्या. दुधात घालायच्या काही पावडरींमध्ये माल्ट असते, म्हणजे सातू. बिअरही सातूचीच, पण पंचशील पाळणाऱ्या घरात तो प्रश्न येऊ नये.

पाकिटावर घटक वाचायची सवय लावा. भारतात पाकिटावर गहू किंवा ग्लुटेन असल्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. 'ग्लुटेन फ्री' लिहायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. मात्र अशी महागडी पिठे-बिस्किटे आणलीच पाहिजेत असे मुळीच नाही. भाकरी, भात, वरण, भाजी, अंडे एवढ्यावर मूल उत्तम वाढते. फक्त भातावर राहू नये. नाचणी, डाळी, पालेभाजी, सुकट आलटूनपालटून द्यावी.

आमची चूक आणि गिरणी

आता ती चूक. आम्ही त्या आईला सांगितले, "ज्वारीची भाकरी दे, काळजी करू नको." तिने तसेच केले. पहिल्या महिन्यात जुलाब थांबले, मुलगी हसू-खेळू लागली. पण सहा महिन्यांनी रक्त तपासले तर टीटीजीचा आकडा फारसा उतरलेला नव्हता. डॉक्टरांनी विचारले, "बाहेर काही खाते का?" आई घरी येऊन मुलीवर चिडली. "शाळेत बिस्किटे खातेस ना चोरून?" मुलगी रडत राहिली, "नाही खाल्ली." दोन दिवस तिने कुणाशी बोलणे टाकले.

मुलगी खरे बोलत होती. आम्ही त्या घरी बसून धान्यापासून ताटापर्यंतचा रस्ता तपासला, तेव्हा गिरणी सापडली. ज्या जात्यातून दिवसभर गहू दळला जातो, त्याच जात्यातून तिची ज्वारी येत होती. शिवाय फोडणीत डबीतला हिंग होता. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. एका चपातीत अंदाजे तीन हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे चपातीचा साठावा हिस्सासुद्धा जास्त. गिरणीच्या जात्यात त्याहून जास्त पीठ अडकलेले असते. हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. आम्ही मुलीची माफी मागितली, आईनेही मागितली.

गिरणीसाठी काय करता येते? ज्वारी आधी सुपात निवडावी, त्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. गिरणीत ज्वारी-बाजरीचे वेगळे जाते असेल तर तेच मागावे. सकाळी गिरणी उघडताच, जाते झाडून, पहिला नंबर आपला लावावा. आधी घरातल्या बाकीच्यांसाठी दोन-तीन किलो तांदूळ किंवा ज्वारी दळून घ्यावी, म्हणजे अडकलेले गव्हाचे पीठ त्यात निघून येते; ते पीठ बाकीच्यांनी खावे. त्यानंतरचे मुलीसाठी. तरीही ही वाट पूर्ण सुरक्षित नाही. त्याहून बरी वाट घरची. जुने जाते असेल तर ते धुऊन वापरावे, नाहीतर थोडी थोडी ज्वारी मिक्सरवर दळून तिच्या वेगळ्या चाळणीने चाळावी. तांदूळ-उडीद भिजवून आंबोळी, घावन, इडली केली तर गिरणीचा संबंधच येत नाही. त्या वस्तीत बचत गटाच्या बायकांनी नंतर एक जुनी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू घालायचा नाही असा नियम केला. आता आजूबाजूच्या बायका ज्वारी, नाचणी तिथेच दळतात, त्यातून हप्ताही निघतो.

एका खोलीतले स्वयंपाकघर

वेगळे स्वयंपाकघर लागत नाही, क्रम लागतो. आधी मुलीची भाकरी-भाजी करून झाकून ठेवावी, मग कणीक मळावी. कोरडे पीठ उडते आणि उघड्या भांड्यात पडते. तिच्यासाठी चार वस्तू वेगळ्या असाव्यात : तवा, काठवट, चाळण आणि पोळपाट-लाटणे. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ राहतेच. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की सर्वांची चालतात. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नयेत. लोणचे, तूप, गूळ यांत चपातीचा हात बुडतो, म्हणून तिची छोटी वाटी आधीच काढून ठेवावी.

रेशनचे काय? अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. त्यातला तांदूळ आधी मुलीसाठी बाजूला काढावा, गहू बाकीच्यांनी खावा. ज्वारी विकत घ्यावी लागते हे खरे, आणि ती स्वस्त नाही. त्या घराने आठवड्यातून दोन दिवस आणायचे पाव, खारी आणि बिस्किटे बंद केली. ज्वारीचा बराचसा खर्च त्यातून निघाला.

वेगळे ताट म्हणजे विटाळ नव्हे

सगळ्यात अवघड अडचण पिठाची नव्हती. घरातली आजी वेगळ्या भांड्यांना तयार होईना. ती म्हणाली, "हॉटेलात आमच्यासाठी वेगळी कपबशी ठेवायचे, ती आम्हीच विसळून ठेवायची. ते सोसले. आता माझ्याच घरात माझ्या नातीला वेगळे ताट?" आम्ही गप्प झालो. पाण्यासाठी १९२७ साली महाडला ज्या समाजाला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजात 'वेगळे भांडे' हा शब्द साधा नाही.

मग आम्ही आजीला एवढेच सांगितले : ते भांडे वेगळे ठेवायचे, कारण माणसाला खालचे मानायचे. हे भांडे वेगळे ठेवायचे, कारण या पोरीला जपायचे. विटाळ तिचा होत नाही. गव्हापासून तिला राखायचे आहे. तिने कुणालाही शिवावे, कुणाच्याही शेजारी बसावे, सगळ्यांसोबत एकाच पंगतीत जेवावे. नियम तिला नाही, नियम आपल्या पिठाच्या हातांना.

आजीने थोडा वेळ विचार केला. मग मुलीच्या तव्याच्या मुठीवर आणि काठवटीवर निळ्या रंगाचा ठिपका काढायला लावला. आज त्या घरात निळ्या ठिपक्याच्या भांड्याला कणकेचा हात लावायची कुणाची हिंमत नाही. आजी पहारा देते.

हे आम्ही यासाठी लिहितो की अनेक घरांत नेमके उलटे होते. मुलाला कोपऱ्यात वेगळे बसवतात, किंवा माया म्हणून "एक घास काय होतो" असे म्हणत चपाती भरवतात. दोन्ही चूक. त्या एका घासाने लगेच पोट दुखेलच असे नाही, पण आतडे आतून झिजते.

शाळा, लग्न, विहार

वर्गशिक्षकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत द्यावी. शाळेतली खिचडी तांदळाची असल्याने बहुधा चालते, पण त्यातला मसाला, हिंग विचारून घ्यावा. अंगणवाडीच्या पाकिटातला आहारही वाचून घ्यावा. वाढदिवसाला केक वाटतात, त्या दिवशी तिच्या डब्यात राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की असावी, म्हणजे मूल हात पसरून बसत नाही.

लग्नात, जयंतीच्या भोजनात यजमानांना आधी सांगावे. भात-वरण पहिल्या झटक्यात, पुरी वाढायच्या आधी, स्वच्छ पळीने काढून घ्यावे. शंका असेल तर घरचा डबा न्यावा. त्यात लाज कसली?

विहारांच्या समित्यांना आमची विनंती आहे. वैशाख पौर्णिमेला आपण खीर वाटतो, सुजाताने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची आठवण म्हणून. ती खीर दूध-तांदळाची होती. आपणही तांदळाचीच करावी, शेवयांची नको. पातेले आणि पळी वेगळी ठेवावी. म्हणजे दानाच्या रांगेतून एकही मूल रिकाम्या वाटीने परत जाणार नाही. त्या मुलीच्या विहारात यंदा असेच झाले.

लपवू नका

"कुणाला सांगू नका, पोरीचे लग्न जमणार नाही," असा सल्ला त्या आईला नात्यातूनच मिळाला. आम्ही विरुद्ध सांगतो. हा आजार लपवला तर सासरी गहू खावा लागेल, पुन्हा रक्त घटेल, गरोदरपणात धोका वाढेल. आहार पाळला तर अशी मुलगी शिकते, कष्ट करते, निरोगी आई होते. जे घर भाकरीला तयार नाही, ते घर तिच्यासाठी नाही.

आई-वडील आणि भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहा-पंधरांत एकाला हा आजार निघू शकतो, आणि त्रास नसतानाही असू शकतो. त्या घरात लहान भावाला तो निघाला. त्याला फक्त तोंडात फोड यायचे.

सुधारणा कशी होते?

जुलाब, पोटफुगी काही आठवड्यांत कमी होते. रक्त भरायला काही महिने, आतडे पूर्ण भरून यायला कित्येकदा वर्ष-दोन वर्षे लागतात. सुरुवातीला दूध पचत नसेल तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस कमी करावे, नंतर बहुधा पचू लागते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावे. सहा महिन्यांनी, मग वर्षाने रक्त तपासावे. बरे वाटले म्हणून गहू सुरू करू नये. आजार जात नाही, शांत होतो. कुठलेही नवे औषध घेताना, मग ते काढे-चूर्ण असले तरी, त्यात गहू आहे का हे विचारावे.

गिरणी आणि हिंग सुटल्यावर त्या मुलीचा आकडा उतरू लागला. गेल्या वर्षीचा गणवेश यंदा तिला आखूड झाला. आईने तो धाकट्यासाठी ठेवला नाही, विहारात आणून आम्हाला दाखवला.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या घरात आज जे शिजले, त्यात गहू कुठे कुठे होता? हिंगापर्यंत शोधा.
२. आपल्या वस्तीत गोळ्या घेऊनही रक्त न वाढणारे मूल आहे का? त्याला दवाखान्यात कोण घेऊन जाईल?
३. गहू न दळणारी एक घरघंटी आपल्या बचत गटाला घेता येईल का?
४. पुढच्या पौर्णिमेची खीर कशाची करायची?

जय भीम. नमो बुद्धाय.